जादूगाराच्या आधीचा भुंगा

थॉमस हार्डीची 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' एम.ए.च्या वर्गाला शिकवताना विसाव्या प्रकरणाशी माझा वेग आपोआप कमी होतो. कथानक तिथे फारसं हलत नाही. एका मुलीला तिचा बाप बोलण्यावरून झापतो आणि ती आपली भाषा बदलून टाकते, एवढंच. पण हार्डीनं एकाच लांबलचक वाक्यात त्या बदलाची यादी दिली आहे. एलिझाबेथ-जेन 'फे' सोडून 'सक्सीड' म्हणायला लागली. 'डंबलडोर' उडताना दिसले तर त्यांना 'हंबल-बी' म्हणायला लागली. रानातल्या 'ग्रेगल्स'ची 'वाइल्ड हायसिंथ' झाली. आणि रात्री झोप लागली नाही तर सकाळी नोकरांना 'मी हॅग-रिड झाले होते' असं न सांगता 'अपचन झालं होतं' असं सांगायला लागली.

या यादीवर वर्गात सहसा कुणी मान वर करत नाही. गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हॅग्रिड आणि डंबलडोर दोघं एकाच वाक्यात? हे पुस्तक हॅरी पॉटरच्या आधीचं आहे ना?"

वर्ग हसला. कादंबरी 1886 सालची, पॉटरचा पहिला भाग 1997चा. पॉटरच्या लेखिका रोलिंग यांनी ही दोन्ही नावं जुन्या बोलीतून उचलल्याचं मुलाखतींमध्ये सांगितलेलं आहे. म्हातारा जादूगार स्वतःशीच गुणगुणत हिंडतोय असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, म्हणून त्याला 'डंबलडोर' हे गुणगुणणाऱ्या किड्याचं नाव. हॅग-रिड म्हणजे जिच्या किंवा ज्याच्या छातीवर रात्रभर चेटकीण स्वार झाली होती असा माणूस, थोडक्यात रात्र वाईट गेलेला. हॅग्रिडची दारूची आवड पाहता हे नाव त्याला शोभतंही. एवढं सांगितल्यावर मुलांचं समाधान झालं आणि तास संपला. मला मात्र 'डंबलडोर' या शब्दाचं गाव हवं होतं. तो कुठे बोलला जायचा, कोण बोलायचं, पहिल्यांदा कागदावर कधी आला, आणि नेमका कोणता किडा.

शोधायला बसले तर पहिलीच अडचण अशी की या शब्दावर एक जादूगार ठाण मांडून बसला आहे. नुसतं नाव टाकलं की पांढरी दाढी, अर्धचंद्री चष्मा, टोप्या, मग, चाहत्यांच्या कथा, नटांच्या बातम्या. भुंगा कुठेतरी तळाशी, 'तुम्हाला हे माहीत होतं का' छापाच्या एका ओळीत, आणि ती ओळ सगळीकडे शब्दशः तीच. बहुतेक ठिकाणी 'हा भुंग्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द' एवढंच. जुना म्हणजे किती? 'ओल्ड इंग्लिश' ही भाषाशास्त्रात एका ठरावीक काळाची, नॉर्मन स्वारीच्या आधीची भाषा आहे. आणि 'डंबलडोर' हा अख्खा शब्द त्या भाषेत नाही. त्याचं अर्धं अंग तिथलं आहे, त्याकडे पुढे येते.

उपाय सोपा निघाला. जुन्या छापील पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या संग्रहांमध्ये तारखेची चाळणी लावता येते. शेवटचं वर्ष 1900 टाकलं आणि जादूगार एका झटक्यात नाहीसा झाला. उरली ती पाद्र्यांनी, शाळामास्तरांनी आणि हौशी जमीनदारांनी केलेली आपापल्या जिल्ह्यांच्या शब्दांची बाडं. मग स्पेलिंगचे खेळ. शेवटी 'ई' असलेला, 'ई' नसलेला, मध्ये जोडरेघ असलेला, दोन शब्द करून लिहिलेला, असे सगळे प्रकार वेगवेगळे शोधावे लागले. बोलीतला शब्द लिहिणारा कानानं लिहितो, त्यामुळे एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.

मागे मागे जात छापील उल्लेख 1787पर्यंत पोचला. फ्रान्सिस ग्रोसची 'अ प्रोव्हिन्शियल ग्लॉसरी'. अर्थ एका ओळीचा: हंबल किंवा बंबल बी. म्हणजे गुबगुबीत, केसाळ, मोठ्यानं घूं घूं करत फुलांवर हिंडणारी ती माशी. हा ग्रोस मला फार आवडला. सैन्यात कॅप्टन, अंगानं अवाढव्य, पडक्या किल्ल्यांची आणि चर्चची चित्रं काढत फिरणारा. त्याआधी दोनच वर्षं त्यानं लंडनच्या गल्लीबोळांतल्या चोर, भिकारी, दारुड्यांच्या भाषेचा कोश काढला होता, आणि तो करायला रात्रीबेरात्री त्या वस्त्यांतून भटकला होता. रॉबर्ट बर्न्सची 'टॅम ओ' शँटर' ही कविता याच ग्रोसच्या स्कॉटलंडवरच्या ग्रंथासाठी लिहिली गेली. त्याच्या ग्लॉसरीत शब्दांच्या पाठोपाठ म्हणी येतात, आणि म्हणींच्या पाठोपाठ भुतंखेतं, चेटकिणी आणि शकुन-अपशकुन. त्याच्या लेखी हे सगळं एकाच टोपलीतलं. विद्यापीठातला माणूस असता तर त्यानं नीट वर्गवारी केली असती, आणि कदाचित आपला भुंगा गाळूनही टाकला असता.

ग्रोसनंतर बाराच वर्षांनी, 1799 साली, कवी रॉबर्ट सदी एका पत्रात या शब्दाचं कौतुक करतो. 'आम्ही ज्याला डंबलडोर म्हणतो' असं तो लिहितो आणि पुढे म्हणतो की या शब्दाची घरघरच अशी आहे की त्याला गाण्यात जागा मिळाली पाहिजे. त्यातलं 'आम्ही' मला महत्त्वाचं वाटलं. सदी ब्रिस्टलचा, म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येचा. पुढे राजकवी झालेला माणूस या शब्दाकडे खेडवळ म्हणून बघत नव्हता, आपला म्हणून बघत होता. तेव्हा तरी.

पण हे सगळे सुटे धागे होते. गाठ मारायची तर जोसेफ राइटकडे जावं लागतं. 'द इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी', सहा खंड, 1898 ते 1905, सुमारे 70 हजार शब्द. राइट जन्मला 1855 साली यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्डजवळ. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीवर गाढवाच्या गाडीमागे, सातव्या वर्षी सॉल्टेअरच्या गिरणीत भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं. मग स्वतःच शिकला, रात्रशाळेत गेला, रात्रशाळा चालवली, पैसे साठवले आणि 1876 साली जर्मनीत शिकायला निघाला. बोटीनं अँटवर्पला उतरून तिथून हायडेलबर्गपर्यंत पायी गेला. शेवटी ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला, मॅक्स म्युलरच्या जागेवर. घरात, खाणीवर, गिरणीत जी बोली बोलली तिलाच त्यानं शास्त्राच्या टेबलावर ठेवलं. आपल्याकडे अशा माणसावर एव्हाना दोन नाटकं आली असती.

त्याचा कोश वाचायला शिकणं हे वेगळंच काम आहे. पान उघडलं की पहिल्यांदा वाटतं, रेल्वेचं वेळापत्रक आहे. शब्द, मग काउंट्यांची, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांची, तुटक नावं एका ओळीत, मग उच्चार, मग अर्थ आकडे घालून, प्रत्येक अर्थामागे पुन्हा काउंटी आणि कंसात दोन-तीन आद्याक्षरं. ही आद्याक्षरं म्हणजे ज्या माणसानं तो शब्द ऐकून कळवला त्याची सही. काउंटीच्या डोक्यावर बारीक आकडा असेल तर त्या भागाचा छापील शब्दसंग्रह समजायचा. एकदा ही खूण पटली की ओळीतून नकाशा दिसायला लागतो. माझ्या शब्दाचा नकाशा सगळा दक्षिणेचा आणि नैर्ऋत्येचा निघाला. हॅम्पशर, विल्टशर, डॉर्सेट, सॉमरसेट, डेव्हन, कॉर्नवॉल, या पट्ट्यात तो आणि त्याची भावंडं नांदत होती. डेव्हन-कॉर्नवॉलकडे 'ड्रंबलडोर' आणि 'ड्रंबलड्रेन'. यातलं 'ड्रेन' म्हणजे 'ड्रोन', नर माशी. गंमत अशी की राइटच्या कोशात डॉर्सेटचं तुटक रूप 'डॉर.' असंच छापतात, त्यामुळे डंबलडोरच्या पुढे डॉर. पाहिलं की वाटतं शब्दाचं शेपूट तुटून पुढे पडलंय. निव्वळ योगायोग, काउंटीच्या नावाचा किड्याशी काही संबंध नाही.

आणि मग अर्थ क्रमांक दोन. इथे माझी गाडी अडली. कारण पहिला अर्थ माशी, पण काही ठिकाणी तोच शब्द चक्क बीटलला, कठीण पाठीच्या किड्याला लावलेला. कॉकचेफर नावाचा तपकिरी किडा, मे महिन्यात संध्याकाळी दिव्यांवर आदळणारा, किंवा शेणातला काळा किडा. माशी मऊ, केसाळ, मध गोळा करणारी. बीटल कडक, पानं खाणारा नाहीतर शेण उकरणारा. एकाच शब्दात दोघं कसे बसले?

याचं उत्तर शब्द फोडल्यावर मिळतं. मागचं अंग 'डोर', हे खरोखर ओल्ड इंग्लिशमधलं आहे: 'डोरा'. इसवी सन 700च्या आसपासच्या लॅटिन-इंग्रजी शब्दयाद्यांमध्ये तो सापडतो. मठातले भिक्षू लॅटिन वाचताना अडलेल्या शब्दाच्या शेजारी आपल्या भाषेतला शब्द लिहून ठेवत, त्यातून या याद्या झाल्या. तिथे 'डोरा' ज्या लॅटिन शब्दासमोर लिहिला आहे तो आहे 'आटिकुस'. लॅटिन बायबलात लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात, कोणते किडे खाल्ले तर चालतात त्या यादीत, याच्याशी अगदी मिळताजुळता 'आटाकुस' आहे, आणि तो एक प्रकारचा टोळ आहे. उत्तरेकडच्या थंड मठात बसलेल्या माणसानं पॅलेस्टाइनचा टोळ काही पाहिलेला नसणार. उडतो, आवाज करतो, लिही 'डोरा'. हा माझा तर्क, पण शब्दाचा पुढचा इतिहास त्याला धरूनच आहे. 'डोर' म्हणजे सुरुवातीपासून घूं घूं करत उडणारा कोणताही जाडजूड किडा. आधी माश्यांकडे झुकलेला, नंतरच्या इंग्रजीत बीटलकडे सरकलेला. आजही शेणातल्या त्या काळ्या किड्याला इंग्रजीत 'डोर बीटल' म्हणतात. कवी थॉमस ग्रेच्या 'एलिजी' या शोककवितेत संध्याकाळची सगळी सृष्टी शांत झाल्यावर जो एक बीटल घरघरत गिरक्या घेत असतो, तो याच गोतावळ्यातला.

सुट्टीत गावी गेले होते तेव्हा शेती करणाऱ्या चुलतभावाला हा घोळ सांगितला. इंग्रजी कादंबरीचा भाग त्यानं सोडून दिला आणि मुद्द्यावर आला.

"अक्का, तुजा भुंगा फुलावर बसतोय का लिंबावर?"

फुलावर बसतो तो भुंगा. पहिला पाऊस पडल्यावर रात्री लिंबा-बाभळीवर थव्यानं चढून पाला खातो तो भुंगेरा, हुमणीचा बाप. त्याच्या उसाला हुमणीनं दोनदा खाल्लेलं असल्यामुळे हा फरक त्याच्यासाठी कोशातला नाही, खिशातला आहे. पण त्यानंच पुढे सांगितलं की सगळे काही असं काटेकोर बोलत नाहीत. आणि खरंच, कोकणात माडाचा शेंडा पोखरणारा गेंडा भुंगा आणि सोंड्या भुंगा हे दोघेही बीटलच, तरी नाव भुंगा. लाकडाला भोक पाडणारा काळा भुंगा मात्र माशीच्या जातीचा. म्हणजे मराठी 'भुंगा' आणि इंग्रजी 'डोर' यांनी अगदी एकसारखा संसार केलाय. नाव आवाजावरून पडलं, पंखांची तपासणी नंतर कृषी खात्यानं केली. जाता जाता, ती खरी केसाळ 'बंबल-बी' भारतात मुख्यतः हिमालयात राहते, आपल्याकडच्या रानात नाही. वर्गात आपण तिला भुंगा म्हणतो ते भागवून नेण्यापुरतं.

आता पुढचं अंग, 'डंबल'. इथे 'डम', म्हणजे मुका, असा अर्थ लावायचा मोह फार होतो. 'मुका भुंगा' किंवा 'मठ्ठ भुंगा' असं लिहिलेलंही बऱ्याच ठिकाणी सापडतं. नैर्ऋत्येच्या बोलींत 'डमल' म्हणजे मंद, सुस्त असा शब्द आहेही, आणि थंड सकाळी फुलाला चिकटून बसलेल्या माशीला तो लागू पडेलही. पण शब्दाच्या शेजारी कोण कोण राहतं ते पाहिलं की चित्र बदलतं. हंबल, बंबल, डंबल, ड्रंबल. चौघांचाही 'अंबल' तोच, नुसतं पहिलं अक्षर वेगळं. हे सगळे मिळून आवाजाची नक्कल करतायत. मोठा ऑक्सफर्ड कोशही त्याच अंगानं जातो. 'हंबल-बी'तल्या 'हंबल'चा नम्रतेशी काही संबंध नाही. नम्र या अर्थाचा 'हंबल' लॅटिनमधून आला, माशीचा 'हंबल' गुणगुण या अर्थाच्या 'हम'चा नातलग. जर्मनमध्ये तीच माशी 'हुमेल'. शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये काटेरी बोंडावर बसलेली लाल ढुंगणाची 'हंबल-बी' आहे. डार्विननं 1859 साली लाल क्लोव्हरचं परागीभवन समजावलं तेही 'हंबल-बी' म्हणूनच. 'बंबल-बी' सोळाव्या शतकापासून छापील आहे, पण तिची सरशी विसाव्या शतकात झाली. म्हणजे एलिझाबेथ-जेननं आपला गावठी शब्द टाकून जो शिष्ट शब्द उचलला, तोही पुढे शंभर वर्षांत अडगळीत गेला. तिला हे कुणी सांगायला हवं होतं.

यानंतर हार्डीचं ते प्रकरण पुन्हा वाचलं तेव्हा यादीपेक्षा तिच्या आधीचा प्रसंग जास्त बोचला. मुलगी बापाला म्हणते, जरा 'बाइड व्हेअर यू बी', आहात तिथंच थांबा, मी आणून देते. एवढ्यावर हेंचर्ड भडकतो, डुकरांना धुवण घालायच्या लायकीची आहेस का म्हणून विचारतो. आणि तिला ओरडताना स्वतः 'यी' म्हणतो, 'यू' नाही! हा माणूस मुळात गवताचे भारे बांधणारा मजूर. नगराध्यक्ष झाला तरी राग आला की जीभ गावाकडे पळते. शिवाय एलिझाबेथ-जेन आपली मुलगीच नाही हे त्याला एकोणिसाव्या प्रकरणात मेलेल्या बायकोच्या पत्रातून कळलेलं आहे. राग तिच्या आईवरचा, निघतो बिचाऱ्या डंबलडोरवर. हार्डी तिरकसपणे लिहितो की खऱ्या खानदानी लोकांच्या लेखी बोलीतले शब्द म्हणजे अंगावरचा पशूचा डाग. त्याच्या स्वतःच्या घरातली गोष्टही फार वेगळी नव्हती. त्याला बोली उत्तम येत होती, पण आईच्या घरात ती बोलली जात नसे, फक्त आसपासच्या झोपड्यांतल्या लोकांशी बोलण्यापुरती वापरली जाई, असं त्यानंच नोंदवून ठेवलंय. पोरांना 'लई' म्हणू नको, 'खूप' म्हण, असं दटावणारी आई लातुरातही असते. माझी होती.

ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच 1886 साली डॉर्सेटच्या बोलीचा सगळ्यात मोठा माणूस वारला. विल्यम बार्न्स, शाळामास्तर, पाद्री आणि कवी. डॉर्चेस्टरला ज्या वास्तुविशारदाकडे तरुण हार्डी उमेदवारी करत होता, त्याच्या शेजारीच बार्न्सची शाळा. ग्रीक-लॅटिनच्या व्याकरणावरून वाद झाला की हार्डी निवाड्यासाठी तिकडे जायचा. बार्न्सला डॉर्सेटची बोली बिघडलेली इंग्रजी वाटत नव्हती, उलट ती जास्त शुद्ध वाटत होती. लॅटिन-फ्रेंच शब्द हाकलून द्यायच्या नादात तो मुलांच्या बाबागाडीला 'पुश-वेनलिंग' म्हणायला निघाला होता. ते अर्थातच कुणी उचललं नाही. आपल्याकडचे भाषाशुद्धीवाले त्याला बघून खूश झाले असते. पण त्याच्या शब्दसंग्रहाशिवाय राइटच्या कोशातलं डॉर्सेट खूपच रिकामं राहिलं असतं.

एक शेवटचा धागा राइटकडूनच निघतो. ऑक्सफर्डला त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला जे. आर. आर. टॉल्किन होता. 1933 साली त्याची एक विनोदी कविता 'ऑक्सफर्ड मॅगझिन'मध्ये आली. त्यात एक चिमुकला वीर ज्या शत्रूंशी लढतो ते म्हणजे डंबलडोर आणि मधमाश्या. गुरूच्या कोशातून त्यानं तो थेट उचलला असं मी म्हणणार नाही, पण ज्याच्या गुरूनं असले शब्द टनावारी गोळा केले त्याच्या कानाला हा शब्द परका नक्कीच नसणार. रोलिंग यांच्या आधी चौसष्ट वर्षं.

वर्गासाठी टिपण केलं ते अर्ध्या पानाचं. डंबलडोर: दक्षिण आणि नैर्ऋत्य इंग्लंड, 1787पासून छापील, माशी, क्वचित बीटल, पुढचा भाग नाद, मागचा भाग ओल्ड इंग्लिश 'डोरा'. मागच्या बाकावरच्या पोराला ते फोनवर पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "मग मॅडम, ग्रेगल्स?"

हा शब्द टाकला आणि पहिल्याच पानावर सापडला. डॉर्सेटमधलं ब्लूबेल फुलाचं नाव. खाली हार्डी, बार्न्स आणि राइट ओळीनं उभे. या नावाचं कुणी अजून जादूगार केलेलं नाही, त्यामुळे तारखेची चाळणीसुद्धा लावावी लागली नाही.